वॉल्टरचं न मोजलेलं मत

अमेरिकेत ऐन जेवायच्या वेळेला फोन वाजतो, पलीकडून एक अनोळखी बाई पहिल्याच वाक्यात "मी काही विकत नाही" असं सांगते आणि तुम्ही तिच्यावर खेकसून फोन आपटता. ती बाई म्हणजे मी. २००१ ते २००८ अशी सात वर्षं मी लोकांची मतं विचारण्याचं काम केलं. टूथपेस्टपासून युद्धापर्यंत कशाहीबद्दल विचारायचे आणि लोक जे बोलतील ते टाइप करायचे. मिरजेला मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलं होतं. तिथे मी विचारलं की पोरं उभी राहून उत्तर द्यायची. इथे पन्नास जणांना विचारलं तर चार जण उत्तर द्यायचे, आणि त्यातले दोन मध्येच "माझी भाजी लागतेय" म्हणून निघून जायचे.

आमचं ऑफिस नेपरव्हिलमध्ये, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर होतं. तीस खुर्च्या, तीस कॉम्प्युटर, डोक्याला लावायचे तीस फोन. नंबर कॉम्प्युटरच लावायचा. पलीकडचा माणूस "हॅलो" म्हणाला की पडद्यावर प्रश्न यायचा, तो वाचायचा. माझं नाव कुमुद. ते कोणाला झेपेना, म्हणून मी 'के' झाले. माझे उच्चार ऐकून लोक विचारायचे, "तू इंडियातून बोलतेयस का? आमच्या नोकऱ्या नेल्या त्या तुम्हीच ना?" मी म्हणायचे, "नाही हो, मी शिकागोजवळ आहे आणि आत्ताच गाडीवरचा बर्फ खरवडून आले." बर्फाचं नाव काढलं की माणूस जरा नरम यायचा. बर्फ खरवडणारी बाई परकी असू शकत नाही, असं काहीतरी असावं.

बाहेरच्यांना वाटतं की यात काय, बोलता आलं की झालं. उलट आहे. या कामात स्वतःचं काही बोलायचं नाही, हेच काम. प्रश्न पडद्यावर जसा आहे तसा, शब्दाला शब्द वाचायचा. समोरचा म्हणाला, "म्हणजे काय?" तर समजावून सांगायचं नाही. "तुम्हाला जो अर्थ वाटतो तो," एवढंच म्हणायचं. उत्तर आवडलं तरी "वा" म्हणायचं नाही, कारण "वा" ऐकून माणूस पुढच्या प्रश्नालाही वा मिळेल असंच उत्तर देतो. मास्तरीण म्हणून माझा निम्मा जन्म "वा" म्हणण्यात गेला होता, त्यामुळे हे मला फार जड गेलं.

दुसरा नियम वाढदिवसाचा. फोन जो उचलेल त्याला विचारायचं नाही. घरात ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला असेल, त्यालाच विचारायचं. नाहीतर फोन उचलणाऱ्या माणसांचीच मतं देशाची मतं म्हणून छापली जातील. आणि एकदा माणूस ठरला की ठरला. तो झोपलाय, तो कामावर गेलाय, तर नंतर फोन करायचा. त्याच्याऐवजी बायको चालणार नाही, नवरा चालणार नाही. बदली माणूस नाही म्हणजे नाही. या नियमावरून मी कितीतरी बायकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

२००८च्या उन्हाळ्यात आमच्याकडे उपाध्यक्षपदाचं काम आलं. दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जवळजवळ ठरले होते, पण त्यांनी आपला जोडीदार अजून निवडला नव्हता. तो कसा असावा, हे मतदारांना विचारायचं होतं. अनुभवी हवा की तरुण? दुसऱ्या भागातला हवा का? बाई असली तर? उमेदवाराला जे येत नाही ते येणारा हवा, की त्याच्याशी पटणारा?

मला वाटलं होतं, याबद्दल कोणाला मत नसेल. पण लोक इतके भरभरून बोलले की माझी बोटं दुखली. एक गृहस्थ म्हणाले, "उपाध्यक्ष म्हणजे गाडीतलं जादा चाक. गाडी घेताना कोण बघतं?" मग दोन सेकंद थांबून म्हणाले, "तसं बघायला हवं खरं." टेक्सासमधल्या एका बाईंनी सांगितलं की जोडीदार दिसायला उमेदवारापेक्षा कमी असावा, नाहीतर मुख्य माणूस चिडचिड करतो, हे त्यांनी स्वतःच्या लग्नात पाहिलंय. एका तरुणानं विचारलं, "मी स्वतःचं नाव सुचवू का? सध्या मोकळाच आहे." त्याची नोकरी महिन्यापूर्वी गेली होती. तो हसला आणि मला मात्र हसायची परवानगी नव्हती.

त्या प्रश्नावलीत चौदावा प्रश्न होता. मी तो मराठीत सांगते: "निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष पदावर असताना मरण पावले, तर त्यांची जागा घेण्याची उपाध्यक्षाची तयारी किती असायला हवी? पूर्ण, बऱ्यापैकी, थोडी, की तयारी नसली तरी चालेल?"

हा प्रश्न माझ्या तोंडून निघेना. आमच्या घरी निघताना "जाते" म्हणायची सोय नव्हती, "येते" म्हणायचं. डब्यातलं कुंकू, मीठ, तांदूळ संपायचे नाहीत, 'वाढायचे'. हातातली बांगडीसुद्धा फुटली असं म्हणायचं नाही, तीही वाढायची. माझी आई बोलता बोलता कोणाच्या मरणाचा नुसता उल्लेख झाला तरी "अभद्र बोलू नये" म्हणून मला गप्प करायची. आणि इथे मी दर संध्याकाळी दहा-बारा वेळा, दिवेलागणीला, लोकांच्या घरात फोन करून मरणाबद्दल विचारायचं. तेसुद्धा ज्या माणसाला निवडून द्यायचंय त्याच्याच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्रज्ञा बसायची. नागपूरची, पंचविशीतली. दिवसा एका लॅबमध्ये काम करायची आणि संध्याकाळी इथे यायची. तिचे आजोबा दीक्षाभूमीच्या सोहळ्याला हजर होते, हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात अभिमानानं सांगितलं होतं. ती तो प्रश्न बसची वेळ विचारावी तसा विचारायची. एकदा माझी कुजबुज ऐकून तिनं हेडफोन काढला.

"काकू, काय करून राहिल्या तुम्ही? क्वेश्चन चेंज केला?"

"अगं, 'मरण पावले' कसं म्हणायचं? मी 'काही कारणानं काम पुढे नेता आलं नाही तर' असं म्हणते. अर्थ तोच."

"अर्थ तोच कसा? आणि आपण म्हटलं म्हणून कोणी मरते का, यार? माणूस मरतेच. आमच्याकडे तर हेच शिकवते आधी." मग हळू आवाजात म्हणाली, "लोरेन ऐकत असते बरं का. सांभाळा."

लोरेन आमची सुपरवायझर. ती कोणाच्याही फोनमध्ये मध्येच शिरून गुपचूप ऐकायची, ते तिचं कामच होतं. मी प्रज्ञाला "हो गं" म्हटलं आणि जे करत होते तेच करत राहिले.

जुलैमध्ये एका संध्याकाळी वॉल्टर फोनवर आला. खरं नाव सांगणार नाही, त्या कामाची तशी शपथ असते. ओहायोतलं छोटंसं गाव. फोन त्याच्या बायकोनं उचलला. तिला मी डॉरिस म्हणेन. मी वाढदिवसाचं विचारलं. तिचा फेब्रुवारीत, त्याचा जूनमध्ये.

"म्हणजे पुन्हा तोच," ती म्हणाली. "चोपन्न वर्षं सगळे त्यालाच विचारतात. वॉल्टर! एका बाईला तुझं मत हवंय. देव तिचं भलं करो."

वॉल्टर आला तो एका मशीनच्या आवाजासकट आला. दर दोन सेकंदांनी 'फुस्स', मग थांबायचं, मग पुन्हा 'फुस्स'. ऑक्सिजनचं मशीन. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या महिन्यात तो आवाज मी ऐकला होता. दोन-तीन शब्द बोलून वॉल्टर थांबायचा, श्वास घ्यायचा आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच अचूक उचलायचा. त्यानं अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली होती.

जोडीदार कसा असावा, या प्रश्नावर तो म्हणाला, "मला एकच कळतं, ते सांगतो. माझ्या बसला एक बदली ड्रायव्हर होता. चांगला माणूस. लायसन्स, अनुभव, सगळं होतं. पण माझ्या शेजारी बसून त्यानं माझी फेरी कधी केली नव्हती. एका हिवाळ्यात मी आजारी पडलो. त्यानं एका छोट्या मुलीला एक वळण आधी उतरवलं. बर्फात ती दीड मैल चालली. तिच्या पायाची दोन बोटं गेली." मशीन दोनदा वाजलं. "तेव्हा तुम्ही म्हणताय ते उत्तरेचा, दक्षिणेचा, म्हातारा, तरुण, मला त्यातलं काही नको. त्या उमेदवाराला एकच विचारा. याला शेजारी बसवून फेरी केली आहेस का? कोणतं पोर कुठे उतरतं, ते याला माहीत आहे का? लिहिलंत, मिस के?"

"लिहिलं."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द."

मागून डॉरिस ओरडली, "तिला सांग, बदली माणसाला काही बोलूच देत नाहीत, ही खरी अडचण आहे!"

"तुला विचारलेलं नाही," वॉल्टर म्हणाला. दोघंही हसली आणि हसल्यामुळे त्याला दम लागला. मी थांबले. मग पडद्यावर चौदावा प्रश्न आला.

त्या मशीनच्या आवाजावर मी 'मरण पावले' म्हणूच शकले नाही. "त्यांना काही कारणानं काम पुढे नेता आलं नाही तर," असं म्हणाले. वॉल्टरनं श्वास घेतला. मग म्हणाला, "पूर्ण तयारी." फोन ठेवताना त्यानं माझे आभार मानले. माझे आभार कोणी मानत नसे. त्या संध्याकाळी मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लोरेननं मला तिच्या खोलीत बोलावलं. आधीच्या दोन दिवसांतले माझे फोन तिनं ऐकले होते. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "के, माणूस आजारी पडला, माणसानं राजीनामा दिला आणि माणूस मेला, हे तीन प्रश्न आहेत की एक?"

"तीन."

"तू कुठला विचारलास?"

बाकीच्या एकोणतीस जणांनी एक प्रश्न विचारला होता आणि मी वेगळाच. माझ्या मुलाखती त्यांच्यात मिसळता येणार नव्हत्या. चौदाव्यावर पुढचे बरेच प्रश्न अवलंबून होते, म्हणून ज्या ज्या मुलाखतीत मी तो बदलला त्या सगळ्या रद्द झाल्या. "त्यांना पुन्हा फोन कर आणि पहिल्यापासून विचार," लोरेन म्हणाली. "दोन आठवडे आहेत. तुझा आवाज त्यांना माहीत आहे, म्हणून तूच कर." खरं तर तिनं मला काढून टाकायला हवं होतं.

बावीस नावांची यादी होती. मी मुकाट्यानं एकेक फोन करत गेले, माफी मागितली, तो शब्द उच्चारला. पहिल्या दोन वेळा अडखळले, मग सवय झाली. कोणाला काही वाटलं नाही. आकाश कोसळलं नाही. एकवीस नावांवर काट मारून झाली. राहिला वॉल्टर. त्याला फोन करायला आज नको, उद्या, असं मी दहा दिवस करत राहिले. कधी वाटायचं, त्याला बरं नसेल. कधी वाटायचं, तो शब्द ऐकून त्याला काय वाटेल? खरं कारण असं की मला त्याचा जीव जपायचा होता आणि तो शब्द न बोलल्यानं जपला जाईल, असं मला कुठेतरी आत वाटत होतं. एम.ए., बी.एड. झालेली बाई मी, तरी वाटत होतं.

शेवटच्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी तो नंबर लावला. फोन डॉरिसनं उचलला. मी नाव सांगितलं, वॉल्टर आहेत का विचारलं. पलीकडे मशीनचा आवाज नव्हता. ते माझ्या लक्षात यायला आणि तिनं सांगायला एकच वेळ झाली.

"तो मंगळवारी गेला, हनी."

अशा वेळेसाठी पडद्यावर एक वाक्य असतं. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, आपला वेळ दिल्याबद्दल धन्यवाद." ते वाचायचं, 'प्रतिसादक मृत' या रकान्यावर खूण करायची आणि फोन ठेवायचा. मी खूण केली, मुलाखत बंद झाली. पण वाक्य वाचायच्या आधीच ती बोलू लागली.

"तू तीच ना, उपाध्यक्षाचं विचारणारी? त्यानं सगळ्यांना सांगितलं, बरं का. नर्सला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. म्हणाला, त्या बाईनं माझं शब्दाला शब्द लिहून घेतलंय. वर्षानुवर्षं त्यानं त्या मुलीची गोष्ट शाळेच्या लोकांना सांगितली, की बदली ड्रायव्हरला आधी शेजारी बसवा. कोणी ऐकलं नाही. तो म्हणाला, आता हे थेट वर जाईल. ते तिथे आहे ना? त्याचं म्हणणं?"

रद्द झालेल्या मुलाखती आठवड्याभरात पुसल्या जात. त्याची पुसली जाऊन चार दिवस झाले होते. मी वेळेवर फोन केला असता तर त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं असतं, दम लागला असता तरी सांगितलं असतं. एक शब्द बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून त्याचं मत कुठेच नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. वाईट ते तोंडातून काढायचं नाही, ही सवय मला तेव्हाही सुटली नाही.

डॉरिसनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, "मग आता मला विचार."

"मॅम, नियम असा आहे की..."

"नियम मला माहीत आहे. वाढदिवस. पण उपाध्यक्ष कशाला असतो गं? पहिला गेला की दुसऱ्याला विचारतात, म्हणूनच ना? मी चोपन्न वर्षं त्याच्या शेजारी बसून फेऱ्या केल्यात. विचार मला."

मी मान वर करून पाहिलं. लोरेन काचेच्या पलीकडे हेडफोन लावून बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती. तिनं काही खूण केली नाही, हो नाही की नको नाही. मी एक कोरा कागद ओढला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. प्रश्न मला पाठ होते.

जोडीदार कसा असावा, यावर डॉरिस म्हणाली, "जो त्याला घरात तोंडावर सांगेल की तू चुकतोयस, आणि मग चर्चमध्ये त्याच्याच शेजारी बसेल." बाई असली तर? "असावी. पण तिला बोलू द्या." दुसऱ्या भागातला हवा का? "वॉल्टर नदीच्या पलीकडचा होता. काही फरक पडला नाही." मी शब्दाला शब्द लिहीत होते. मग चौदावा आला. मी तो जसा होता तसा विचारला. "राष्ट्राध्यक्ष पदावर असताना मरण पावले, तर त्यांची जागा घेण्याची तयारी किती असायला हवी?" चार दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला. चारही पर्याय वाचून दाखवले.

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी "काही हरकत नाही, सोडून देऊ" म्हटलं नाही. तसं म्हणायचं नसतं.

"वॉल्टरनं वर्षभर माझी तयारी करून घेतली," ती म्हणाली. "तळघरात बॉयलर आहे, पाण्याचे व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकावर त्यानं चिठ्ठी लावलीय. डॉरिस, हा आधी बंद कर. डॉरिस, याला घाबरू नको, हा असाच वाजतो. मला सगळं येतं. बुधवारी सकाळी गरम पाणी येईना, म्हणून खाली गेले. चिठ्ठी वाचली, व्हॉल्व्ह फिरवला, पाणी आलं. आणि मग मला वरच येता येईना. जिन्यावर बसून राहिले. शेजारीण आली आणि तिनं मला हाताला धरून वर आणलं." तिचा आवाज शेवटपर्यंत स्थिर होता. "तेव्हा लिही, पूर्ण तयारी हवी. आणि हेही लिही की पूर्ण तयारी असली तरी ती पुरत नाही. दोन्ही लिहिता येतं का?"

"येतं."

मी दोन्ही लिहिलं. रडू फुटत होतं, ते दातांखाली दाबून लिहिलं. शेवटचा प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "एक काम करशील? माझं त्याच्या शेजारी ठेवशील? म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की आम्ही एका घरातले."

मी हो म्हटलं. तिनं माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

लिहिलेला कोणताही कागद त्या खोलीतून बाहेर न्यायचा नाही, असा नियम होता. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं असतं, म्हणून. दाराशी कागद फाडायचं मशीन होतं. मी तिथे उभी राहिले तेव्हा लोरेन येऊन शेजारी उभी राहिली. तिनं कागद वाचला, दोन वेळा वाचला, आणि माझ्या हातात परत दिला. तो मशीनमध्ये तिनं घातला नाही, मलाच घालावा लागला.

निवडणुकीनंतर मी ते काम सोडलं. आमचे निकाल त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत छापून आले होते. जोडीदार कसा असावा, याबद्दल देशातल्या मतदारांना काय वाटतं, ते रंगीत तक्त्यात दिलं होतं. ओहायोतल्या त्या गावात डॉरिसनंही तो पेपर घेतला असेल. चष्मा लावून तिनं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असेल आणि त्या आकड्यांमध्ये आपण दोघं शेजारी शेजारी आहोत, असं तिला वाटलं असेल. मी तिला फोन करून खरं सांगायला हवं होतं. नंबर मला पाठ होता. मी तो लावला नाही.